माळ्यावरची सात अंडी

...नाही, आधी मला एक सांगा, मी काय कोंबडी आहे का? नीट बघा माझ्याकडे! पंख आहेत? चोच आहे? एकसष्ट वर्षांचा पेन्शनर माणूस मी, सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी न चुकता सुविचार टाकतो, आणि हल्ली चारकोपच्या आमच्या अख्ख्या सेक्टरमध्ये लोक मला थांबवून विचारतात काय, तर 'काका, पिल्लं कशी आहेत?' अरे, माझ्या मुलाला, अनयला, प्रमोशन मिळालं गेल्या महिन्यात, त्याचं कुणाला काही आहे? नाही! पिल्लं कशी आहेत! परवा तर भाजीवाली म्हणाली, 'काका, तुम्ही जरा वाळलात हो.' आता वाळणारच! तीन आठवडे अंड्यांवर बसून बघा, मग कळेल.

आणि हे सगळं कुणामुळे? ॲम्ब्रोजमुळे. ॲम्ब्रोज म्हणजे माझा ऑफिसातला दोस्त. एका टेबलाला टेबल लावून तीस वर्षं काढली आम्ही. राहायला मनोरीला, म्हणजे मार्व्याला जायचं, बोटीत बसायचं, पलीकडे उतरलं की त्यांचं गाव. माणूस लाख मोलाचा! पण त्याला 'नाही' म्हणता येत नाही हो. तोंडच असं करतो ना, की आपण 'नाही' म्हणायला जातो आणि 'बरं' बाहेर पडतं.

तर या ॲम्ब्रोजची आई, तिला सगळं गाव आय म्हणायचं, आम्हीही आयच म्हणायचो. आयनं जन्मभर कोंबड्या पाळल्या. आणि साध्या नाही हां! तिच्या कोंबड्यांना डोक्यावर पिसांचा झुबका असायचा, अगदी अंबाडा घातल्यासारखा. आयचाही तसाच अंबाडा. सकाळी दारात दाणे टाकायला वाकली की समजायचं नाही, ह्यात आय कुठली आणि कोंबडी कुठली... म्हणजे समजायचं, पण आम्ही तिला चिडवायचो. तिच्या सासूनं तिला लग्नात दिलेल्या कोंबडीची ही सगळी अवलाद. अख्ख्या मनोरीत दुसऱ्या कुणाकडे नाही.

आय गेली या वर्षी ईस्टरच्या आधी. आणि ती गेली तसा त्या कोंबड्यांचा वालीच गेला हो. दोन मुंगसानं नेल्या, काही अशाच गेल्या, ॲम्ब्रोजला काही ते जमेना. शेवटी एक उरली. ती खुडूक झाली, सात अंडी घातलेली होती त्यांच्यावर मुकाट बसली, ॲम्ब्रोजला वाटलं, चला, आता होतील पिल्लं... तर तिलाच कुत्र्यानं ओढून नेली!

हे मला कधी कळलं? आषाढात एक दिवस सकाळी बेल वाजली तेव्हा. दार उघडतो तर ॲम्ब्रोज. चिंब भिजलेला. छातीशी बिस्किटाचा पत्र्याचा डबा. आत तांदूळ, तांदळात अंडी.

'नंदू, आयची शेवटची कोंबडी गेली रे. ही अंडी तेवढी राहिली.'

आता माणसानं काय म्हणावं अशा वेळी? मला आपलं वाटलं, एवढ्या लांबून पावसात आणलीत, तर म्हटलं, 'वाईट झालं रे... बस. कुंदाला सांगतो ऑम्लेट टाकायला.'

तुम्हाला सांगतो, त्या माणसानं माझ्याकडे असं बघितलं ना! मी काय त्याच्या आईचा फोटो तळायला निघालो होतो? म्हणजे... निघालोच होतो म्हणा. पण मला काय माहीत!

'नंदू,' म्हणाला, 'आयचं आता ह्या जगात एवढंच आहे. हे गेलं की संपलं. उबवायची आहेत.'

'मग उबव ना!'

'कशी? आमच्याकडे पावसात तासातासाला लाईट जाते. शेजारी एक कोंबडी खुडूक नाय. तुझ्याकडे लाईट जात नाय, तू रिटायर, दिवसभर नुसता बसूनच असतो ना? मग ह्यांच्यावर बस!'

म्हटलं, 'ॲम्ब्रोज, मी काय कोंबडी आहे का?'

तर त्यानं केलं ते तोंड. झालं! 'बरं,' म्हणालो.

आता घरात काय, तर आमची कुंदा. कुंदाचं तसं काही म्हणणं नसतं. रविवारी कोंबडी-वडे तीच करते, झकास करते. पण श्रावण लागला की ती बाई बदलते हो! अंडं नाही, मासा नाही, कांदा-लसूणसुद्धा दाराबाहेर. आणि त्यात या वर्षी आमच्या सुनेची, गंधालीची, पहिली मंगळागौर! कुंदानं डबा उघडून बघितला, झाकण लावलं आणि म्हणाली, 'आयसाठी म्हणून ठेवून घेते. पण गटारीच्या आत घराबाहेर पाहिजेत. श्रावणात माझ्या घरात अंडं चालायचं नाही.'

मी म्हटलं, 'अगं, तोवर पिल्लं निघून मनोरीला पोचलीसुद्धा असतील!' आता कोंबडीला तीन आठवडे लागतात हे मला काय ठाऊक? मला वाटलं, आठवडाभरात उरकत असेल. त्यांना दुसरं काम काय असतं?

तर आधी पेटी. बाजारातल्या मासळीवालीकडून थर्माकोलचं खोकं आणलं. बोंबलांचा वास येत होता, म्हटलं असू दे, मनोरीची अंडी आहेत, त्यांना घरच्यासारखं वाटेल. खोक्याला भोक पाडलं, आत दिवा सोडला, अंडी मांडली, झाकण लावलं, आणि सोफ्यावर बसून पेपर उघडला. म्हटलं, एवढं सोपं असतं तर कोंबड्या उगाच भाव खातात! संध्याकाळी हात घालून बघतो तर आत काय, फ्रीज! अंडी गारेगार! ॲम्ब्रोजला व्हिडिओ कॉल लावला. तो ओरडला, 'अरे येड्या, एलईडी लावला तू! ह्याला ऊब असते काय? पिवळा बल्ब लाव, जुनावाला!'

आता जुना पिवळा बल्ब मिळतो का हो कुठे? चारकोपमध्ये नाही, कांदिवलीत नाही, मालाडच्या बाजारात चार दुकानं फिरलो. दुकानदार मलाच शिकवतात, 'काका, एलईडी घ्या, बिल कमी येईल, अजिबात गरम होत नाही.' अरे, मला गरमच पाहिजे! शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं मागच्या फळीवरून धूळ झटकत एक काढला. 'कशाला पाहिजे?' म्हटलं, 'उबेला.' त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, 'घरी कोणी नाही का काका?'

बल्ब लागला, ऊब आली. मग उबेचं माप! अंड्यांना माणसाच्या बारीक तापाएवढी ऊब लागते, जास्त झाली तर उकडली, कमी झाली तर गेली. मग कुंदाचा तापाचा थर्मामीटर खोक्यात. पाण्याची वाटी खोक्यात. आणि सगळ्यात कहर म्हणजे, अंडी दिवसातून तीन-चारदा उलटवायची! कोंबडी चोचीनं फिरवते ना, तशी. म्हणजे सकाळी उठलो की अंडी उलटव, जेवलो की उलटव, झोपायच्या आधी उलटव... मी कधी पोळी उलटवली नाही हो आयुष्यात! कुंदा म्हणते, 'माझ्या दुखण्यात एवढं लक्ष असतं तर...' पुढचं मी ऐकलं नाही. तुम्ही ऐकलं असतं?

आणि बघता बघता आली गटारी. अंडी तशीच. कुंदा हातात झाडू घेऊन उभी. 'गेली का ती अंडी?'

मी म्हटलं, 'गेली.'

खोटं बोललो? अजिबात नाही! गेलीच होती. हॉलमधून मागच्या खोलीच्या माळ्यावर गेली होती. कुठे गेली असं तिनं विचारलंच नाही, त्याला मी काय करणार?

पण माळ्यावर चढवताना घात झाला. स्टूल हललं, खोकं कलंडलं, आणि एका अंड्याला बारीक तडा गेला. आयचं अंडं! मी आपला स्टुलावर उभा, ते अंडं तळहातावर, डोळ्यांत पाणी यायचं बाकी... आणि मागून आवाज, 'बाबा, काय करताय?'

गंधाली! सूनबाई! सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, आता ही सासूकडे जाणार. पण ती पोरगी म्हणते कशी, 'थांबा बाबा,' आणि आतून नेलपॉलिश घेऊन आली. लालभडक! त्या तड्यावर नेटकं लावलं, फुंकर घालून वाळवलं, म्हणाली, 'हवा जायला नको आत. बाकी ठीक आहे.' मग भुवयांच्या पेन्सिलीनं प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली मारून दिली, म्हणजे कुठलं उलटवलं कुठलं नाही ते कळतं. नेलपॉलिशवालं तर असं दिसायला लागलं की जसं काही तेच मंगळागौरीला निघालंय.

आता दिवसातून चारदा माळ्यावर चढायचं म्हणजे लपतं का हो? कुंदा बघत होती. हा माणूस जेवला की मागच्या खोलीत जातो, दार लोटतो, स्टुलाचा आवाज येतो, आणि थोड्या वेळानं हसऱ्या चेहऱ्यानं बाहेर येतो. एक दिवस माझ्याजवळ आली, माझं तोंड हुंगलं, जेवणानंतरच्या बडीशेपेचा वास आला, आणि कडाडली, 'श्रावणात? निदान श्रावणात तरी!' तिला वाटलं मी माळ्यावर बाटली ठेवलीये! आता काय सांगू? बाटली नाही, अंडी आहेत म्हणून? बाटलीला तिनं एकवेळ माफ केलं असतं. मी मान खाली घातली. तीस वर्षांत कधी घेतली नाही, आणि अंड्यांपायी दारुडा ठरलो.

मग ॲम्ब्रोजचा फोन. 'नंदू, आता उजेडात धरून बघ, आत जीव धरला काय.' म्हणजे अंधारात जायचं आणि अंड्याखाली मोबाइलचा टॉर्च लावायचा. आमच्या घरात दिवसा अंधार फक्त बाथरूममध्ये. तर मी आणि अंडी बाथरूममध्ये, दिवा बंद. पहिलं अंडं टॉर्चवर ठेवलं आणि... तुम्हाला सांगतो, आत लाल लाल बारीक जाळं, आणि मधोमध एक काळा ठिपका, हलतोय! मी एवढ्या जोरात 'अरे!' म्हटलं, की बाहेरून कुंदा दारावर धपाधप, 'दिवा बंद करून काय चाललंय आत?' म्हटलं, 'काही नाही, जरा... त्रास होतोय.' 'होणारच! घ्या अजून!'

सहा अंड्यांत जाळं होतं. नेलपॉलिशवाल्यातसुद्धा! सातवं मात्र सगळं कोरं. पिवळं ढिम्म. गंधाली म्हणाली, 'बाबा, ह्यात काही नाही. टाकून द्या. उबेत राहिलं तर सडेल, आणि सडलं की फुटतं.' मुलीला सगळं माहीत होतं, मोबाइलवर वाचून बसली होती. पण मी ॲम्ब्रोजला विचारलं. म्हटलं त्याची वस्तू, त्याला विचारावं. तर तो म्हणाला, 'नको टाकू रे नंदू. कोण जाणे, उशिरा धरत असेल जीव. आयनं हात लावलेली कोंबडी होती ती.' आणि त्याचा आवाज असा फाटला... आता सांगा, तुम्ही टाकलं असतं? नाही ना? मग मी तरी कसं टाकू? ठेवलं परत. हीच चूक! कोंबडी असती ना, तिनं चोचीनं ढकलून दिलं असतं बाहेर, मागे वळून पाहिलं नसतं. पण मी काय कोंबडी आहे का?

आणि आला तो मंगळवार. गंधालीची मंगळागौर. घरात सकाळपासून नऊवाऱ्या, नथी, गजरे, सोळा पत्री, दारात चपलांचा ढीग. मुलुंडहून कुंदाची थोरली बहीण शुभा आलेली. शुभाताई म्हणजे कसं, त्यांना जगातलं सगळं कळतं, आणि नाक तर असं तिखट की शेजारच्या बिल्डिंगमध्ये दूध लागलं तरी यांना आधी समजतं. मला हुकूम, मागच्या खोलीत बसायचं, मध्ये मध्ये करायचं नाही. मला काय, तेच पाहिजे होतं! कारण त्याच सकाळी मी माळ्यावर डोकावलो, तर त्या नेलपॉलिशवाल्या अंड्यातून टिक... टिक... आणि बघतो तर एक बारीक भोक! आतून चोच! अहो, अंगावर काटा आला. ॲम्ब्रोजला फोन केला, तो म्हणतो, 'हात नको लावू, मदत नको करू, त्याचं त्याला फोडू दे. फक्त ऊब जाऊ देऊ नको. आता ऊब गेली तर सगळी गेली, समजलं?' म्हटलं, 'समजलं. मी बसलोय इथेच.'

बाहेर पूजा चालू, गुरुजींचा खणखणीत आवाज, आत मी स्टुलावर उभा, कान खोक्याला लावून. आणि तेवढ्यात...

फट्!

सातवं अंडं फुटलं. तुम्हाला वास सांगू? नको सांगू. तुम्ही जेवून आला असाल. नुसतं एवढं सांगतो, की माझे डोळे पुसून होईपर्यंत तो वास माळ्यावरून खोलीत, खोलीतून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून थेट गौरीपुढे! आणि शुभाताईंचं नाक! गुरुजींच्या मंत्रावरून त्यांचा आवाज आला, 'कुंदा! गॅस! गॅस लीक झालाय!'

आता पाइपच्या गॅसला मुद्दाम सडक्या अंड्यासारखा वास दिलेला असतो, हे तुम्हाला माहीत आहे ना? तेच! लीक झाला तर कळावा म्हणून. मी आतून ओरडणार होतो, 'गॅस नाही हो, अंडं आहे!' पण म्हणू कसं? श्रावण, मंगळवार, मंगळागौर, घरात गुरुजी, आणि यजमान सांगतायत माळ्यावर अंडं सडलंय? तोंड उघडलं, तसंच मिटलं.

तेवढ्यात हर्षद. हर्षद म्हणजे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. गेल्या महिन्यात त्यानं कुठलंसं आग विझवायचं ट्रेनिंग घेतलं होतं, गळ्यात शिट्टी घालून फिरायचा, आणि कधी एकदा काहीतरी घडतंय याची वाटच बघत होता बिचारा. 'फुर्रर्र! सगळे खाली! लिफ्ट नाही! सामान नाही! फक्त माणसं! वॉचमन, मेन स्विच बंद!'

मेन स्विच बंद!

आणि माळ्यावरचा बल्ब गेला.

हसताय काय! माझी काय वाट लागली असेल विचार करा. ॲम्ब्रोजचे शब्द कानात, ऊब गेली तर सगळी गेली. गॅसवाले येणार, मजलेच्या मजले तपासणार, तोवर लाईट नाही. पावसाची भुरभुर, गार वारा. एक तास गेला तरी आयची कोंबडी ह्या जगातून संपली! मी मागचापुढचा विचार केला नाही. बनियन पायजम्यात घट्ट खोचलं, एकेक अंडं गळ्यातून आत सोडलं, पोटाभोवती लावून घेतलं, वरून स्वेटर, त्यावर कुंदाची शाल. ऑगस्टमध्ये! आणि निघालो जिना उतरायला. कसा? एकेक पायरी, पाय फाकवून, दोन्ही हात पोटाखाली धरून. हर्षद मागून शिट्टी मारतोय, 'काका, फास्ट! फास्ट!' म्हटलं, 'अरे, फास्ट कसा येऊ? मी काय...' आणि पुढचं माझं मलाच बोलवेना. कारण तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मी होतोच कोंबडी. पोटाशी सहा अंडी, त्यातल्या एकाची चोच बेंबीला टोचतेय!

खाली कंपाउंडमध्ये अख्खी सोसायटी. एका बाजूला नटूनथटून बायका, कुणाच्या हातात आरतीचं तबक तसंच. गुरुजी सोवळ्यात, वॉचमनच्या छत्रीखाली. आणि मध्ये मी, शाल पांघरून, घामानं निथळतोय. शुभाताईंनी मला बघितलं. 'अगं बाई, कुंदा! यांना गॅस चढलाय! बघ कसा घाम फुटलाय! झोपवा त्यांना, पालथं झोपवा, पोट दाबा!'

पालथं! 'नको नको, मी बरा आहे,' मी भिंतीला पाठ लावून उभा. शुभाताई पुढे, मी बाजूला. त्या डावीकडून, मी उजवीकडे. सगळी सोसायटी बघतेय. हर्षद म्हणतो, 'ट्रेनिंगमध्ये हेच सांगितलंय, पेशंट आधी ऐकत नाही.' आणि तोही आला हात पुढे करून! एकटी गंधाली मध्ये आडवी उभी राहिली, नऊवारीत, 'बाबांना कुणी हात लावायचा नाही!' सून असावी तर अशी, खरंच सांगतो.

एवढ्यात गॅसवाले वर जाऊन, यंत्र फिरवून, खाली आले. म्हणाले, 'कुठेच लीक नाही.' सगळे एकदम चूप. कारण प्रश्नच तो, मग वास कसला? आणि त्या शांततेत माझ्या पोटातून आवाज आला...

'चिव.'

कुंदानं माझ्याकडे बघितलं. म्हटलं, 'पोटात गुडगुडतंय जरा.'

'चिव चिव चिव!'

'हे गुडगुडतंय?' म्हणाली. पुढे आली, शाल ओढली, स्वेटर वर केला, बनियनच्या गळ्यातून हात घातला आणि बाहेर काढला. तिच्या तळहातावर ओलंचिंब, थरथरणारं, डोळे मिटलेलं पिल्लू. पाठीला अजून लाल नेलपॉलिशचा टवका चिकटलेला. आणि डोक्यावर... अहो, ओल्या पिसांचा एवढासा झुबका! अंबाडा!

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. पण आवाजच येईना. डोळे उघडतो तर कुंदा त्या पिल्लाकडे बघतेय, डोळे भरलेले. 'आय...' एवढंच म्हणाली. मग म्हणाली, 'अनयच्या वेळी माझ्या बाळंतपणात म्हातारी स्वतः आली होती, बोटीतून, मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन. चार दिवस राहिली. माझी आई तेव्हा नव्हती ना...' आणि पदरानं पिल्लाला टिपायला लागली. पैठणीच्या पदरानं! तिथंच ॲम्ब्रोजला व्हिडिओ कॉल लावला गंधालीनं. त्यानं तो अंबाडा बघितला आणि फोन हातातून खाली ठेवला असावा, कारण आम्हाला नुसतं छत दिसत होतं आणि तिकडे मोठ्यानं रडू ऐकू येत होतं. मीही रडलो. सांगायला लाज कसली?

पण एवढ्यानं सुटतो काय? शुभाताई आहेत ना! त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, 'ते सगळं ठीक. पण घरात जन्म झाला. आता सोयेर लागलं! मंगळागौर कशी पुरी करणार?'

झालं! सगळ्या बायकांत चर्चा. पिल्लाचं सोयेर लागतं का? गाय व्याली तर काय करतात? अंड्यातून जन्मलं तर जन्म कधीचा धरायचा, अंडं घातलं तेव्हाचा की फुटलं तेव्हाचा? गुरुजींना विचारलं, तर गुरुजी छत्रीखालून म्हणतात, 'मला अजून दोन ठिकाणी जायचंय हो.' शेवटी कुंदा उभी राहिली, हातात पिल्लू, आणि निकाल दिला, 'पिल्लू ॲम्ब्रोजचं. गोत्र वेगळं. सोयेर लागायचं तर त्याला लागेल, आणि त्यांच्यात पाळत नाहीत. चला वर, आरती राहिलीये.'

मी हळूच म्हटलं, 'आणि श्रावणात घरात अंडं?'

'अंडं नको म्हटलं होतं मी. पिल्लू नको असं कधी म्हटलं?' आणि माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, 'उरलेली पाच पण लवकर काढा. मेन स्विच लावायला सांगते.' तिची ही वकिली आधी माहीत असती तर मी उगाच दारुडा कशाला झालो असतो?

तर पाचातली तीन निघाली, दोन राहिली आतच, त्याचं वाईट वाटतं. पण चार पिल्लं, चारही अंबाडेवाली! दोन कोंबड्या, एक कोंबडा नक्की, असं ॲम्ब्रोज म्हणतो, चौथ्याचं अजून ठरत नाही. म्हणजे आयची अवलाद टिकली. जिंकलो! आता खरं तर इथे गोष्ट संपायला पाहिजे ना? पिल्लं मनोरीला, मी सोफ्यावर, पेपर, चहा. पण तसं कुठलं माझं नशीब!

पिल्लांनी जन्मल्या जन्मल्या पहिलं तोंड बघितलं ते माझं. आता मी हॉलमध्ये गेलो, चार मागे. मी गॅलरीत गेलो, चार मागे. बाथरूमचं दार लावलं तर बाहेर असा आकांत करतात की खालच्या मजल्यावरून फोन येतो, 'काका, बाहेर या हो.' दुपारी आडवा झालो की शर्टात शिरून झोपतात. कूस बदलता येत नाही.

परवा ॲम्ब्रोज आला न्यायला. चांगली मोठी टोपली, आत गवत, वरून फडकं. मी खूश! चौघांना उचलून टोपलीत ठेवणार, तेवढ्यात कुंदा स्वयंपाकघरातून आली. 'भावजी, टोपली ठेवा खाली. बाळंतपण आमच्याकडे झालंय. सव्वा महिना झाल्याशिवाय आम्ही बाळ-बाळंतिणीला घराबाहेर पाठवत नाही.'

ॲम्ब्रोज म्हणाला, 'बरोबर आहे वैनी. आयपण हेच म्हणाली असती.' आणि टोपली ठेवून, चहा पिऊन, गेला की हो बोटीला!

मी म्हटलं, 'कुंदा, बाळं कळली. पण ह्यात बाळंतीण कोण?'

ती आत गेली, आणि बशी घेऊन आली. बशीत आळिवाचे लाडू. कानाला बांधायला सुती रुमाल. म्हणाली, 'गार वारं लागेल. आणि आंबट खायचं नाही.'

मी त्या बशीकडे बघितलं. चार पिल्लांनी माझ्याकडे बघितलं. रुमाल बांधून घेतला, लाडू खाल्ला... आणि तुम्हाला म्हणून सांगतो, दुसरा मागून घेतला.